बिब्बा उतला

आमच्या घरात बिब्ब्याला बिब्बा म्हणायची सोय नव्हती. 'काळं' म्हणायचं. "त्या डब्याले हात नको लावू वं, त्यात काळं हाय." ज्याला बिब्बा सोसत नाही त्याच्या कानावर नुसतं नाव पडलं तरी अंग सुजतं, असं आमच्या आळीत पक्कं मानत, आणि आमच्या आईला तो सोसत नसे. लहानपणी ती बिब्ब्याच्या झाडाखाली निजली आणि उठली तर डोळे दिसेनासे झाले होते, ही गोष्ट तिनं आम्हाला इतक्या वेळा सांगितली होती की तिनं सुरुवात केली की माझी थोरली बहीण शकू आणि मी तिच्या मागं बसून पुढचं वाक्य आधीच पुटपुटायचो आणि मार खायचो. आता याला अॅलर्जी म्हणतात. माझ्या नातीला धुळीची आहे, जावयाला कोळंबीची आहे, आणि दोघंही ते अशा थाटात सांगतात की जणू बक्षीस मिळालंय. आमच्या वेळी शब्द एकच होता, उतणं. दूध उततं तसा माणसाच्या अंगावर बिब्बा उततो. उततो आणि आठ-दहा दिवसांनी उतरतो. हे उतरणं लक्षात ठेवा, कारण सगळी गोष्ट त्याचीच आहे.

घर म्हणजे नागपूरच्या पाचपावलीतल्या एका आळीत ओळीनं तीन खोल्या. पुढची, सगळ्यांत मोठी, मागांची. जमिनीत खड्डे करून बसवलेले दोन हातमाग, एक बाबूजींचा आणि एक काकांचा. काका मला आठवत नाहीत. मी रांगत होते तेव्हा ते तापानं गेले. महिन्याभरानं त्यांच्या मागावर काकू जाऊन बसली. आळीतल्या बायका रहाटावर सूत गुंडाळून कांड्या भरत, ताण्याला, म्हणजे उभ्या सुताला, खळ लावत, पण खड्ड्यात पाय सोडून लुगडं विणणारी बाई आमचीच एक. लोक बोलले असतीलच, पण काकूनं एकदा आडव्या सुताचा धोटा फेकायला घेतला की तिला कुणाचं काही ऐकू येत नसे. सकाळी सातला दोन्ही माग सुरू व्हायचे. बाबूजींचा संथ, एका खटाकनंतर दुसरा खटाक येईल की नाही असं वाटायला लावणारा, आणि काकूचा त्याच्या दुप्पट घाईचा. त्या दोन आवाजांत आम्ही अभ्यास केला, भांडलो, जेवलो. रविवारी माग बंद असले की मला घर आजारी असल्यासारखं वाटायचं.

काकूचं नाव चंद्रभागा. माहेर उमरेडचं, तेही विणकराचंच घर, पण तिकडं जंगल जवळ, त्यामुळं बिब्बे फोडून आतली गोडंबी काढायचं काम ती परकरात असल्यापासून शिकली होती. तिचा भाऊ थंडीच्या दिवसांत पिशवीभर बिब्बे आणून टाकायचा. मागच्या अंगणात, आईपासून लांब, काकू दगडावर दगड धरून बसायची. टक् टक् टक्. तिच्या बोटांच्या घड्यांत काळ्या रेघा होत्या, त्या कशानंच निघत नसत. तिला बिब्बा कधी उतला नाही. ती म्हणायची, "मले तो ओळखते." त्या गोडंबीचं वाटण घालून ती जो रस्सा करायची, जवसाच्या तेलाचा तवंग आलेला, नाकातून पाणी काढणारा, तो मी नंतर कुठंच खाल्ला नाही. हॉटेलवाले करतात. करोत बापडे. आई तो रस्सा खात नसे, पण आम्हाला वाढताना बोटभर चाटून बघायची आणि काकू ओरडायची, "बाई, मराचं हाय काय?" आईला ती बाई म्हणायची, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. दोघी जावा एका ताटात जेवत. आळीत याचं कौतुक होतं, आणि थोडा जळफळाटही.

आता एक गोष्ट सांगते ती आजच्या पोट्ट्यांना थापच वाटेल. बाबूजी काकूचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. भासऱ्यापुढं बाईनं पदर ओढायचा आणि तोंडातून शब्द काढायचा नाही, ही आमच्याकडची रीत. एका खोलीत, चार हातांवर, पाठीला पाठ लावून दहा वर्षं दोघांनी कापड विणलं आणि एकमेकांशी एक वाक्य बोलले नाहीत. मग बोलणं चालायचं कसं? तर मधे मी. "कुसे, तुह्या बाबूजीले सांग, लाल सूत सरलं." बाबूजी तिथंच, सगळं ऐकताहेत, पण मान वर करायचे नाहीत. मी वळून म्हणायचं, "बाबूजी, काकू म्हणते, लाल सूत सरलं." मग ते चमकून बघायचे, "असं काय? सांग तिले, उद्या आणतो." मी परत वळायचं. मी शाळेत गेलेली असले तर शकू, शकू नसली तर भिंत. खरंच, काकू भिंतीला सांगायची आणि बाबूजी भिंतीलाच उत्तर द्यायचे. पण घरात पोर असताना पोरानं म्हटल्याशिवाय तो निरोप पोचला असं धरत नसत. हसू येतं ना? मलाही यायचं. मी मुद्दाम उलट निरोप देऊन दोघांना कोड्यात टाकायची. नंतर आयुष्यभर टेलिफोनच्या एक्सचेंजमध्ये नोकरी केली, तर तिथल्या मैत्रिणी म्हणायच्या, तुला हे काम शिकवावं लागलं नाही.

शकू माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, सतरा-अठराची. लांब केसांची, खिदळणारी, कामाला वाघ. ताण्याला खळ लावायचं काम, पांजणी म्हणतात त्याला, ते घरात होत नाही. सकाळच्या उन्हात रस्त्याच्या कडेनं सूत लांबच लांब ताणायचं आणि कुंच्यानं खळ फिरवत मागं-पुढं चालत राहायचं, सुकेपर्यंत. शकू आणि काकू ते करायच्या. खळीचा आंबूस वास, आणि शकूची बडबड. त्या पावसाळ्यात तिची बोटं दुखायला लागली. आधी बोटं, मग मनगटं, मग गुडघे. सकाळी तिला मूठ वळता येईना. कांड्या भरताना रहाटाचा दांडा हातातून सुटायचा. मधेच बारीक ताप यायचा आणि जायचा. आळीतल्या डॉक्टरनं तापाच्या गोळ्या दिल्या. काकू म्हणाली, "वात हाय. काळ्याचे ठिपके देते. चार दिवसांत पळाले लागन." म्हणजे काय, तर बिब्ब्यात सुई खुपसून दिव्यावर धरायची, तेल सुटलं की त्या सुईनं दुखऱ्या जागी बारीक बारीक ठिपके द्यायचे. आमच्या आळीत निम्म्या गुडघ्यांवर असे काळे ठिपके होते. आईला ते आवडलं नव्हतं, पण शकू रडकुंडीला आली होती, म्हणून ती हो म्हणाली.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी हे करायचं ठरलं, माग बंद होते म्हणून. आई महाल भागात मावशीकडं निघाली. काळं बाहेर निघणार त्या घरात ती थांबणार नव्हतीच. जाताना मला बजावून गेली, "शकूचे पाय धरून बस. ती हलली तं तेल भलतीकडं लागन. कोठी जाचं नाही." आता तुम्हीच सांगा, पोळ्याचा दुसरा दिवस, नागपूर, अकरा वर्षांची पोट्टी, आणि रस्त्यावरून मारबत जाते आहे! पिवळी मारबत, काळी मारबत, बाईच्या रूपातले दोन मोठे पुतळे, मागं बडगे म्हणजे पुरुषांचे मोठमोठे पुतळे, ढोल, आणि हजारो माणसांचा एकच आवाज, "घेऊन जाय गे मारबत!" गावातली रोगराई, इडापीडा घेऊन जा म्हणून ओरडायचं आणि गावाबाहेर नेऊन जाळायचं. काकूनं दिवा लावला आणि मी म्हटलं, पाणी पिऊन येते. मागच्या दारानं जी सुटले ती दोन तासांनी आले. तोवर सगळं झालं होतं. शकू गुडघे उघडे टाकून पडली होती आणि काकू म्हणाली, "ये माय, तूच राहिली होती." तिनं आईला सांगितलं नाही. तशी ती चांगली होती.

शकूचे गुडघे चार-पाच दिवस बरे वाटले. मग एका सकाळी ती पांजणीहून आली, आणि आईनं तिच्या हातात पाण्याचा तांब्या देता देता तिच्याकडं बघितलं आणि तांब्या तसाच धरून राहिली. दोन्ही गाल लाल, आणि नाकाच्या दांड्यावरून ती लाली एका गालाकडून दुसऱ्या गालाकडं गेलेली. पाखरू पंख पसरून बसावं तशी. "माय वं," आई म्हणाली, "बिब्बा उतला!" कित्येक वर्षांत तिच्या तोंडून तो शब्द पहिल्यांदा निघाला होता.

काकू अंगणातून धावत आली. तिनं शकूची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं, बोट लावून पाहिलं. "खाजते काय वं?" शकू म्हणाली, नाही. "आग होते?" उन्हात थोडी. "बाई, हा काळ्याचा नाही," काकू म्हणाली. "काळ्यानं फोड येते, पाणी सुटते, माणूस खाजवू खाजवू मरते. हिले खाजच नाही." पण आई ऐकण्यापलीकडं गेली होती. तिनं मला हाताला धरून मधल्या खोलीत नेलं, दार लोटलं. "काकूनं ठिपके दिले तवा तू होती ना?" मी म्हटलं, होती. "त्या हातानं तिनं शकूच्या तोंडाले हात लावला काय?" मी दाराकडं बघितलं. "नीट आठव. लावला का नाही?" काय आठवणार होते मी, कपाळ? माझ्या डोक्यात फक्त ढोल वाजत होते. "लावला ना?" तिसऱ्यांदा तिनं विचारलं तेव्हा तिच्या आवाजात असं काही होतं की हो म्हटलं तरच ती श्वास घेईल. मी म्हटलं, "हो. लावला. गालाले." आणि तिनं खरंच श्वास सोडला. मला हायसं वाटलं. मी कुठं होते, हे आता कुणी विचारणार नव्हतं.

मग उपाय सुरू झाले. बिब्बा उतला की खोबरं आणि काळे तीळ वाटून लावायचे. आमच्या आळीतली रीत त्याच्याही पुढची, ते लावून कोवळ्या उन्हात बसवायचं, म्हणजे तेल जिरतं आणि विष वर येतं. आईनं शकूला रोज अंगणात पाटावर बसवलं. एक तास, मग दीड तास, मग दोन तास, कारण उतरत नव्हतं. उतरायच्या ऐवजी वाढत होतं. भाद्रपदाचं ते ऊन, नागपूरचं, कोवळं म्हणायला नऊ वाजेपर्यंत. लाली कपाळावर गेली, गळ्याखाली गेली. सकाळी बसवायचं, संध्याकाळी ताप. आणि प्रत्येक वेळी आई काकूकडं बघायची. "पुन्हा काळं काढलं काय घरात?" आई विचारायची. काकूनं डबा विहिरीपलीकडं नेऊन फेकला होता. "मंग तुह्याच हाताले असन." काकूला पोळ्यांच्या कणकेला हात लावायची बंदी झाली. मग पाण्याच्या माठाला. मग शकूला. एका ताटातलं जेवण तर पहिल्याच दिवशी बंद झालं होतं.

शेजारणी बघून जायच्या आणि दारात गेल्यावर आवाज खाली करायच्या. एकीनं म्हटलं, उतलेला दिसत नाही हो, भलतंच काही दिसतं. महारोग हा शब्द तिनं उच्चारला नाही, पण तो आमच्या उंबऱ्यावर ठेवून गेली. त्या दिवशी आई अंगणात उभी राहून आळीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "माह्या पोरीले काही झालं नाही! बिब्बा उतला हाय, बिब्बा! माह्याच घरातल्या बाईनं लावला!"

काकू मागावर बसली होती. धोटा थांबला. बाबूजींचाही थांबला. मी रहाटाशी होते, दोघांच्या मधे. काकूनं पदर पुढं ओढला आणि म्हणाली, हळू, एकेक शब्द सुटा करून, "कुसे, तुह्या बाबूजीले सांग. काळं दुसऱ्याच दिवशी उतते, सहाव्या दिवशी नाही. अन् पोरीले उन्हात नका बसवू म्हणाव. उन्हातून आली की वाढते. मी पाहून राहिली." एवढं लांब वाक्य तिनं कधी सांगायला दिलं नव्हतं. बाबूजींनी ते ऐकलं. चार हातांवर तर होते. त्यांची मान खाली, हात मागाच्या फणीवर, ते थांबले होते माझ्यासाठी. मी वळून म्हटलं असतं, तर त्यांना मान वर करावी लागली असती. त्यांना आईला विचारावं लागलं असतं, आईनं मला विचारलं असतं, आणि सहाव्या दिवसापासून मागं जात जात सगळे मारबतीच्या दिवसाशी येऊन पोचले असते. मी खाली बघून कांडी भरत राहिले. काकू म्हणाली, "कुसे." मी ऐकलंच नाही. मग बाबूजींचा माग सुरू झाला, खटाक. न पोचलेला निरोप म्हणजे न बोललेला निरोप. ते भले गृहस्थ होते, मुंगीला धक्का न लावणारे, आणि रीतीच्या आड इतके आरामात बसले होते की मला आजही त्यांचा राग येतो. स्वतःचा येतो तो वेगळाच.

दसऱ्याच्या आधी काकूचा भाऊ येऊन तिला उमरेडला घेऊन गेला. आईनंच कळवलं होतं, एका चुलीवर आता जमायचं नाही म्हणून. काकूनं अर्धं राहिलेलं लुगडं दोन दिवस बसून पुरं केलं, मग ट्रंक उचलली. शकू दारापर्यंत आली, तर आईनं तिला आत ओढलं. रडली फक्त शकू. मी काकूच्या मागून रिक्षापर्यंत गेले. वाटलं, आता सांगावं. रिक्षा सुरू झाली तरी मी उभीच.

काकू गेली, बिब्बा गेला, आणि तरी शकू उतरणीलाच. केस विंचरले की फणीत झुपके यायला लागले, तोंडात फोड आले, पाय सुजले. बोट दाबलं की खड्डा पडायचा. पाटावर बसवलं तर ती एका बाजूला कलंडायची. दिवाळीच्या तोंडावर ती मोरीत चक्कर येऊन पडली, तेव्हा बाबूजी माग सोडून उठले आणि आईला न विचारता तिला मोठ्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. तिथं आठ दिवस रक्त तपासलं, लघवी तपासली. एक बाई डॉक्टर होत्या, जाड चष्म्याच्या, स्वच्छ पुस्तकी मराठी बोलणाऱ्या. त्यांनी आम्हाला खाटेशी बोलावलं आणि सांगितलं, याला ल्युपस म्हणतात. महारोग नव्हे, लागट नव्हे. रोगाशी लढायला अंगात जी फौज असते ती हिच्या अंगावरच उलटली आहे, सांध्यांवर, कातडीवर, आणि आता मूत्रपिंडावर. कुणी काही लावल्यामुळं, खाऊ घातल्यामुळं हे झालेलं नाही. बाबूजींना फौज कळली नाही. ते म्हणाले, "म्हणजे घरचाच धोटा घरचा ताणा तोडून राहिला." डॉक्टरबाई म्हणाल्या, "हो. अगदी तसंच." मग कागदावर काहीतरी लिहिता लिहिता त्यांनी सहज विचारलं, "उन्हात जाते का ही? या आजाराला ऊन फार वाईट."

आई उभी होती. ती म्हणाली, "मी बसवते. रोज. दोन तास." डॉक्टरबाईंनी लिहिणं थांबवलं. त्या आईला रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "आजपासून नका बसवू."

बाहेरच्या लांब व्हरांड्यात आई भिंतीला टेकून खाली बसली. ती रडत नव्हती, दोन्ही तळवे उलटे करून बघत होती, ज्यांनी तीळ-खोबरं लावलं होतं ते. मला वाटलं, हिच्या डोक्यावर आणखी ओझं घालू नये. आणि मला वाटलं, आता नाही बोलले तर मीसुद्धा सुजून मरेन. मी म्हटलं, "आई, त्या दिवशी मी घरी नव्हती. मी मारबत पाहाले गेली होती. काकूनं हात लावला का नाही, मले माहीतच नाही."

आई म्हणाली, "माहीत हाय मले."

मला समजलंच नाही. ती तळव्यांकडं बघतच म्हणाली, "मावशीकडून येताना पाह्यलं मी तुले. बडग्याच्या मागं पळत होती. रिबीन सुटली होती तुही." म्हणजे तिसऱ्यांदा 'लावला ना' विचारताना तिला ठाऊक होतं. मी तिथं नव्हते हे ठाऊक असून तिनं माझ्या तोंडून ते काढून घेतलं होतं. आणि मी आपली इतके दिवस समजत होते की फसवणारी मी आहे! मला तिच्याबद्दल तेव्हा काय वाटलं ते सांगते, लपवून काय करू? मला तिचा तिरस्कार वाटला. मी लांब जाऊन खांबाशी उभी राहिले. बाबूजी औषधं घेऊन आले तरी आम्ही दोघी तशाच होतो.

शकू त्या खेपेला वाचली. गोळ्यांनी तिचं तोंड पुरीसारखं फुगलं, पण पाखरू उडालं, ताप गेला. पुढं ती चार वर्षं जगली. पांजणी सुटली, पण सावलीत बसून तिनं आळीतल्या पोरींना भरतकाम शिकवलं, मला गणितात मारून मुटकून पास केलं. गेली तेव्हा तिचं डोकं काकूच्या मांडीवर होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण मला त्याच्यावर फार लिहवत नाही. परवा माझ्या थायरॉइडच्या डॉक्टरनं सांगितलं, आजी, हाही त्याच जातीचा आजार, तुमचंच रक्त तुमच्या ग्रंथीवर उठलंय. म्हटलं, बाळा, आमच्या घराला ते नवीन नाही.

राहता राहिलं ते काकूचं परत येणं. दवाखान्यातून घरी आल्यावर शकूचं एकच चाललं होतं, काकूले बोलवा. बाबूजींनी पत्र टाकलं. पत्रात ते तिला सरळ लिहू शकत नव्हते, म्हणून तिच्या भावाच्या नावानं. उत्तर आलं नाही. मग एका सकाळी आईनं धुतलेलं लुगडं नेसलं, मला म्हणाली, चाल. आम्ही एस. टी.नं उमरेडला गेलो. आई त्याआधी बाबूजींशिवाय कधी एस. टी.त बसली नव्हती. सबंध वाटेत मी तिच्याकडं पाठ करून खिडकीशी बसले. मी अजून रागातच होते.

काकू भावाच्या ओसरीवर सूत उकलत बसली होती. तिची भावजय सूप घेऊन धान्य पाखडत होती. आम्हाला बघून काकू उठली नाही. ये म्हणाली नाही. आईही ओसरीवर चढली नाही, अंगणात उन्हातच उभी राहिली.

"चंद्रा, तो बिब्बा नव्हता," आई म्हणाली.

"मले माहीत हाय, बाई."

"दुसरंच दुखणं हाय. रक्तातलं. डॉक्टरीन म्हणते, कोणी लावल्यानं होत नाही. उन्हानं वाढते. तू म्हणत होती उन्हाचं. मी बसवत होती."

काकू सूत उकलत राहिली. भावजयीचं सूप मात्र थांबलं होतं.

"अन् ही पोट्टी खोटं बोलली तुह्यावर. पण ते हिचं नाही, ते माह्यं हाय. ही घरीच नव्हती. मी सोता हिले मारबतीत पाह्यलं होतं. तरी हिच्या तोंडून बोलवून घेतलं मी." भावजयीसमोर, परक्या अंगणात, माझी आई हे म्हणाली. ती आळीतली सगळ्यांत ताठ बाई होती. मी तिच्या लुगड्याचा काठ धरला, तो कधी धरला ते मला कळलं नाही.

काकूनं हातातलं सूत खाली ठेवलं. "मंग काहून?" ती म्हणाली. "काहून बोलवलं, बाई? मी तुह्यं काय केलं होतं?"

"बिब्बा उतरते ना वं," आई म्हणाली. "आठ दिवसांनी का होईना, उतरते. बिब्बा नसन तं मंग काय हाय, ते मले कोणी सांगून नव्हतं राहिलं. लोक काहीबाही बोलत होते. मले बिब्बाच पाहिजे होता, चंद्रा. अन् बिब्बा म्हटलं की लावणारं कोणी तरी पाहिजे ना."

काकूनं पदरानं तोंड पुसलं आणि ओसरीची पायरी उतरून उन्हात आली.

"इतकंच होतं तं मले कानात सांगायचं होतं ना, बाई," ती म्हणाली. "मी म्हटलं असतं, हो, लावला."